ती करडई

"टिंक्टोरिया? व्हिक्टोरियाची बहीण का गं ही?"

सर म्हणाले आणि सगळी प्रयोगशाळा हसली.

जिल्ह्यातलं एक कॉलेज. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, वनस्पतिशास्त्राची तोंडी परीक्षा. माझ्या हातात करडईचं काटेरी रोप. वडील ज्यांच्या शेतात राबायचे, त्यांना विचारून उपटलेलं. ओल्या पोत्यात गुंडाळून ते आमच्या तेर गावाहून एसटीनं स्वतः घेऊन आले होते. लॅटिन नाव मी सांगितलं, कार्थॅमस टिंक्टोरिया. हवं होतं टिंक्टोरियस.

"सर, आपण ती करडई म्हणतो. म्हणून मी..."

"असं होय!" सर दाराकडं वळले. तिथं वडील चपला काढून उभे. "काय हो, तुमची करडई बाई का बाप्या?"

"बाईच की सायेब. लई टोचती."

पुन्हा हसू. वडीलही हसले. मला ते बघवेना.

"घेऊन जा हिला," सर त्यांना म्हणाले. "तुमच्या वस्तीला लॅटिन झेपायचं नाही."

"व्हय सायेब."

सायबाला नाही म्हणता येतं, हे वडिलांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी म्हणाले, "मी जाणार न्हाय. टिंक्टोरियस का, ते सांगा."

सरांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

ग्रंथालयातल्या बाईंनी मला एक जुनं पुस्तक शोधून दिलं. त्यांचे उपकार आहेत. टिंक्टर म्हणजे रंगारी. त्यावरून टिंक्टोरियस, रंगाऱ्याच्या कामाचा. करडईच्या फुलांपासून रंग काढतात, म्हणून. पुल्लिंगी टिंक्टोरियस, स्त्रीलिंगी टिंक्टोरिया, नपुंसकलिंगी टिंक्टोरियम. आपलं पिवळा, पिवळी, पिवळं, तसंच. कार्थॅमस हा शब्द लॅटिनमध्ये पुल्लिंगी, म्हणून विशेषणही तसं. मराठीतली करडई ती असली तरी.

एवढंच होतं. सरांना सांगता आलं असतं. तिथंच टेबलावर डोकं टेकून मी रडले.

पदवी मिळाली. आमच्या घरातली पहिली. समारंभाला चला म्हटलं, तर वडील म्हणाले, "नगं बाय. म्या बोललो की लोक हसत्यात."

म्हणजे त्यांना त्या दिवशीच कळलं होतं. तरी ते हसले होते. माझ्यासाठी.

आता ते नाहीत. मी शिकवते. पोरांची विशेषणं चुकतात. का चुकली ते विचारते, मग दुरुस्त करते. पण कुणाच्या आईबापाच्या बोलण्यावर माझ्या वर्गात कुणी हसलं, की तास थांबतो. त्या सरांना मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.