भोईर मॅडम आणि मासळीबाजाराचा करार

अ‍ॅड. मंदाकिनी भोईर यांना मी पहिल्यांदा भेटलो ते सीबीडी बेलापूरच्या त्यांच्या ऑफिसात, नोकरीच्या मुलाखतीला. कायद्याची पदवी नुकतीच मिळाली होती. कराराच्या कायद्यावर काय काय विचारतील याची उजळणी करून मी गेलो होतो. त्यांनी माझी गुणपत्रिका न उघडताच बाजूला ठेवली आणि जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याची झेरॉक्स पुढे सरकवली. "वाचा." मला चार शब्दही धड लागले नाहीत.

"गाव कुठलं?"

"म्हसळा."

"म्हणजे खाडी जवळ. भरतीची वेळ सांगता येते?"

"तिथीवरून अंदाज सांगतो. आजोबांनी शिकवलंय."

"उद्यापासून या."

वकिलाच्या नोकरीसाठी भरतीची वेळ कशाला लागते, हे मला परतीच्या वाटेवर उमगेना. आठवड्याभराने आम्ही एका पालिकेच्या प्रकल्पाची जागा पाहायला गेलो. नकाशात कोरडा असलेला भूखंड भरतीच्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यात होता. मॅडम सँडल हातात घेऊन त्या पाण्यात उभ्या होत्या आणि अधिकाऱ्यांना म्हणत होत्या, "आता सांगा, इथे सभागृह बांधायचं की नाही ते."

मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहायला बसलो खरा, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यांच्याविषयी माझ्या मनात आदराइतकाच गोंधळ आहे. तो लपवून लिहिले तर लेख नीटनेटका होईल, पण खरा होणार नाही.

ज्यांचा त्यांच्याशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मॅडम मूळच्या शिरवण्याच्या. घरची भातशेती नवे शहर उभारताना सरकारी संपादनात गेली. अशा घरातली मुलगी वकील झाली, तर ती सरकारविरुद्ध लढेल असे गावाने धरले होते. मॅडमनी मात्र नगरपालिका, नगरपरिषदा, ग्रामपंचायती यांचे सल्लागार होणे पत्करले. पालिकेची जमीन, खासगी कंपनीचा पैसा, आणि त्यातून बाजार, दवाखाना किंवा बसस्थानक उभे करायचे, अशा कामांचे करार लिहिणे हे त्यांचे क्षेत्र. कंपनीने बांधायचे, ठरलेली वर्षे चालवायचे आणि मग पालिकेला परत द्यायचे, असा हा व्यवहार असतो. वर्तमानपत्रात फोटो उद्‌घाटनाचा येतो. मॅडमचे लक्ष शेवटच्या दिवसावर असे. तळवलीतल्या एका बैठकीत त्यांनी कंपनीच्या इंजिनीयरला विचारले होते, "इमारत परत द्याल त्या दिवशी लिफ्ट चालू असेल? छप्पर गळत नसेल? टाकीत पाणी असेल? मग तसं लिहा." इंजिनीयर हसले. मॅडम हसल्या नाहीत. ते तीनही मुद्दे करारात गेले.

त्यांचा स्वभाव कोरडा आहे, असे सगळेच म्हणतात. मीही म्हणत असे. शाबासकी नाही, चौकशी नाही. रमजानच्या महिन्यात माझे रोजे असत. ऑफिसात त्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. तिसऱ्या वर्षी डायरी चाळताना माझ्या लक्षात आले की दरवर्षी त्या महिन्यातली जागांची सगळी पाहणी सकाळी आठच्या आत उरकलेली आहे. एरवी त्या पाहणीला भर दुपारी निघत. हा योगायोग असेल का, हे मी त्यांना विचारले नाही. विचारले असते तरी सरळ उत्तर मिळाले नसते.

आता मुख्य गोष्ट. ती मी गेल्या महिन्यापर्यंत कोणालाच सांगितलेली नव्हती.

खाडीपट्ट्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेला, तिचे नाव इथे घेत नाही, जुना मासळीबाजार पाडून नवा बांधायचा होता. खाली मासळीचे ओटे, वर सभागृह. करार मॅडम लिहीत होत्या, टंकलेखनापासून अंतिम प्रत तयार करण्यापर्यंतचे काम माझ्याकडे होते. तो बाजार मॅडमच्या मामाच्या गावचा. त्यांच्या सख्ख्या मामी, जनाबाई, तिथे मासळी विकत. करार इंग्रजीत होता, पण विक्रेत्या बायकांना नव्या इमारतीत जागा देण्याविषयीचे परिशिष्ट मॅडमनी मराठीत ठेवायला लावले होते. "ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना निदान कुणी वाचून तरी दाखवू शकेल," असे त्या म्हणाल्या होत्या.

सह्या झाल्या. दोन महिन्यांनी कंपनीच्या माणसाने बाजारात यादी लावली. ओटे मिळणार होते फक्त अकरा बायकांना. बसत होत्या त्याच्या चौपट. परिशिष्टात 'परवानाधारक विक्रेत्या' असे शब्द होते, आणि परवाना तेवढ्या अकराजणींच्याच नावावर होता. बाकीच्या सासूच्या, आईच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या बसत आलेल्या, कागद कोणाकडेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा-वीस बायका आमच्या ऑफिसात आल्या. जनाबाईमामी पुढे. जिन्यातच त्यांचा आवाज चढला.

"मंदा, आमाला कागद वाचता येत नाय. तुला येतो. मंग ह्या असा कसा झाला गो? तू आमची हायस का त्यांची?"

मॅडम दारात आल्या. मला वाटले, त्या मामींचा हात धरतील. त्या म्हणाल्या, "मामी, मी नगरपरिषदेची वकील हाय. तुमची नाय. तुमी दुसरा वकील बघा."

मामींच्या पाठीमागची एक तरुण बाई रडू लागली. मॅडमनी चहा मागवला, सगळ्यांना बसवले, आणि स्वतः आत जाऊन दार लावून घेतले. चहा मामींनी घेतला नाही. मला मॅडमचा इतका राग आला की राजीनामा लिहावा असे वाटले. सख्खी मामी दारात उभी आहे आणि ही बाई तिला दुसरा वकील बघायला सांगते!

बायका गेल्यावर आतून आवाज आला, "अन्वर, बाजाराची फाइल आण."

मसुद्यांची फाइल आमच्या ऑफिसात जपून ठेवलेली असे. प्रत्येक पानावर मॅडमच्या हाताने पेन्सिलने आकडा घातलेला. फाइल काढली आणि देण्याआधी मी ती चाळली. परिशिष्टाच्या मसुद्यावर माझी नजर थांबली. 'परवानाधारक' हा शब्द मॅडमनी हिरव्या शाईने खोडला होता आणि वर लिहिले होते, 'बाजारात प्रत्यक्ष बसणाऱ्या सर्व'. ते पान अंतिम प्रत करायला माझ्याकडेच आले होते. दुरुस्ती करण्याऐवजी मी कॉम्प्युटरमधली जुनी प्रत तशीच छापून पाठवली होती.

म्हणजे चूक माझी होती. निव्वळ माझी.

मी ते पान फाइलीतून काढले, घडी घातली आणि खिशात ठेवले. मग फाइल नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शांतपणे वाचली. मी समोर उभा होतो. फाइल मिटून त्यांनी विचारले, "पूर्ण आहे?"

"हो, मॅडम," मी म्हटले.

त्या शुक्रवारी नगरपरिषदेची विशेष सभा होती. बाहेर टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. आत नगरसेवक एकमेकांवर ओरडत होते. मुख्याधिकारी कंपनीकडे बोट दाखवत होते, कंपनीचे वकील कराराकडे. मॅडम उठल्या.

"चूक करारातच आहे," त्या म्हणाल्या. "निविदा काढण्यापूर्वी याच सभागृहाने ठराव केला होता, की बाजारात बसणाऱ्या प्रत्येक विक्रेतीला जागा मिळेल. मी तयार केलेला करार त्या ठरावाशी जुळत नाही. ठरावाबाहेर जाऊन सही करायचा अधिकार मुख्याधिकाऱ्यांना नव्हता, आणि तसा कागद त्यांच्यापुढे ठेवायचा मलाही नव्हता. पुरवणी करार करून परिशिष्ट दुरुस्त करावं, असा माझा लेखी सल्ला आहे."

एक नगरसेवक ओरडले, "मॅडम, चूक तुमची का तुमच्या स्टाफची? आमाला कळू द्या ना!"

मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. पान खिशात होते. उठायला एक क्षण पुरला असता.

"मसुद्यावर सही माझी आहे," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

कंपनीच्या वकिलांनी तासभर हरकती घेतल्या. पण ठराव त्यांच्याच निविदेच्या कागदांना जोडलेला होता. प्रकरण कोर्टात गेले तर बांधकाम रखडेल, हे त्यांनाही दिसत होते. महिन्याच्या आत पुरवणी करार झाला. बाजारात बसणाऱ्या सगळ्या बायकांची जागेवर जाऊन मोजणी झाली आणि प्रत्येकीला ओटा मिळाला. काहींना रस्त्याच्या बाजूचा, काहींना मागचा, नाल्याकडचा. जनाबाईमामींना मागचा मिळाला. त्यांनी त्यावरही भाचीला बोल लावला.

नगरपरिषदेने मॅडमना सल्लागारपदावरून कमी केले. पत्रात 'अक्षम्य निष्काळजीपणा' असे शब्द होते. ते पत्र मीच उघडले. पुढची दोन वर्षे आणखी काही संस्थांनी कामे देणे थांबवले. मॅडमनी कोणाला खुलासा केला नाही. मला रागावल्या नाहीत. उलट पुढच्याच आठवड्यात एका बसस्थानकाच्या कराराचे संपूर्ण काम त्यांनी माझ्या एकट्यावर सोपवले. तेव्हा मला काही कळेनासे झाले. यांना ठाऊक असेल, तर हे काम मला कसे देतात? ठाऊक नसेल, तर स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्ती त्या विसरल्या कशा? त्या काहीच विसरत नाहीत. त्यानंतर मी प्रत्येक कागद तीनदा वाचू लागलो. ही माझी शिस्त होती की भीती, हेही मला सांगता येत नाही.

आणि मामींना तोडून का बोलल्या? बऱ्याच वर्षांनी मला वाटू लागले की त्या दिवशी त्यांनी मामींना जवळ घेतले असते, तर सभेत त्यांचा सल्ला 'मामीसाठी दिलेला' ठरला असता. पण हा माझा तर्क झाला. कदाचित त्यांना खरोखरच एवढेच म्हणायचे असेल, की मी तुमची वकील नाही. मध्यंतरी बाजारात जनाबाईमामी भेटल्या, तेव्हा मी हा तर्क त्यांना ऐकवला. त्या सुरमई कापत होत्या. म्हणाल्या, "माजी भाची हाय ती, ह्या खरा. पन कोनाची वकील हाय, त्या मना अजून नाय कललं." मग कापलेल्या मासळीतला एक वाटा पिशवीत घालून म्हणाल्या, "ह्या मंदाला दे. मी दिलान म्हनून सांगू नको." मी तो दिला. मॅडमनी पिशवी उघडून पाहिली आणि "मामीची सुरी अजून बोथट आहे," एवढेच म्हणाल्या.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला आणि मला झोप लागेना. ती गोष्ट वगळून मॅडमची थोरवी गाणे हा दुसरा खोटेपणा झाला असता. गेल्या महिन्यात एका दुपारी ते घडी पडलेले पान घेऊन मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. सगळे सांगितले.

त्यांनी चष्मा लावला, पान उलगडले, बराच वेळ पाहिले.

"अक्षर माझंच आहे," त्या म्हणाल्या. "पण शेवटची प्रत सही करण्याआधी मी वाचायला हवी होती. वाचली नाही. तुझ्यावर विसंबले. मग चूक कोणाची?"

"माझी, मॅडम. आणि त्याहून मोठी म्हणजे मी पान लपवलं."

"ते आहेच." त्यांनी पान माझ्याकडे सरकवले. "फाइलीत शेहेचाळीसनंतर एकदम अठ्ठेचाळीस आहे. त्या दिवसापासून. जा, लावून टाक."

म्हणजे त्यांना माहीत होते. 'पूर्ण आहे?' असे विचारले तेव्हाही माहीत होते. मी 'हो' म्हणालो तेव्हाही. सभेत उभ्या राहिल्या तेव्हाही. मी विचारले, "मग बोलला का नाहीत?" त्यांनी समोरच्या मसुद्यात मान घातली होती. "तू सांगशील असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "जरा उशीर केलास." हा राग होता, माया होती, की नुसती नोंद, याचा मी गेला महिनाभर विचार करतो आहे. ही हकिकत छापू का, असे विचारले तर म्हणाल्या, "शुद्धलेखन तपासून दे."

मी पान जागेवर लावले आहे. मन अजून हलके झालेले नाही. होईल की नाही, ठाऊक नाही. ज्या माणसाने आपल्याला सांभाळले त्याचे आभार मानावेत, की इतकी वर्षे आपल्याला स्वतःच्या मनाशी एकटे सोडले म्हणून त्याच्याशी भांडावे? मला दोन्ही करावेसे वाटते. माझ्यासारखे त्यांच्या हाताखालचे आणखी काहीजण या ग्रंथात लिहीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाला मॅडम पुरत्या कळल्या असतील, तर त्यांनी मला जरूर सांगावे.

मॅडम साठीच्या झाल्या, पण निवृत्तीचा विषय निघाला की त्या पुढची तारीख सांगतात. येत्या मंगळवारी एका ग्रामपंचायतीच्या दवाखान्याची जागा पाहायची आहे. ती टेकडीवर आहे, आणि गाडी पायथ्यापर्यंतच जाते. मॅडमचे गुडघे आता कुरकुरतात, पण नकाशा पाहून त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे, की आजारी माणूस ज्या वाटेने चढणार त्याच वाटेने आपण चढायचे. तो चढ त्यांनी न थांबता चढावा, वर पोचल्यावर त्यांना धाप लागू नये, आणि अशा पुष्कळ टेकड्यांवर, पुष्कळ वर्षे, आम्हा सगळ्यांना धापा टाकायला लावून त्यांनी आमच्या आधी पोचावे, हीच माझी त्यांच्या निरोगी दीर्घायुष्यासाठी मनापासून प्रार्थना.