बॉनेट न उघडणारे आबा

सिंधुदुर्गातल्या कसालच्या बाजारात, महामार्गाला लागून आबांचे दुकान होते. गाड्यांच्या वायरिंगचे काम. बिघडलेली गाडी समोर उभी राहिली की बाकीचे मेकॅनिक आधी बॉनेट उघडतात. आबा उघडत नसत. गाडीभोवती एक फेरी मारत, खाली वाकून बघत आणि पुन्हा बाकड्यावर जाऊन बसत. मग मालकाला म्हणत, "आता सांग." जणू गाडी नव्हे, मालकालाच तपासायचे आहे.

मी काजूच्या व्यापारातला माणूस. पाठीवर पोती वाहून सुरुवात केली आणि जिभेच्या जोरावर इथवर आलो. कोणी फसवले असे वाटले की माझे डोके फिरते. त्या काळात ते फिरलेलेच होते, कारण या वेळी फसवणारा माझा सख्खा भाऊ होता. दादा मुंबईची नोकरी संपवून कुणकेश्वराजवळच्या आमच्या जुन्या घरी राहायला आला, तेव्हा त्याने आपली गाडी मला विकली. चार महिन्यांत तिचा बॅटरीचा लाल दिवा पेटू लागला. पेटायचा, विझायचा. सकाळी गाडी कधी एका झटक्यात सुरू, कधी मेलेली. मी बॅटरी बदलली. एका मोठ्या वर्कशॉपात नवा डायनमो घातला. दिवा पंधरा दिवस गप्प राहिला आणि परत आला. त्या दिवशी दादाच्या दारापुढच्या खळ्यात, अंगणात उभा राहून मी ओरडलो, "खराब गाडी सख्ख्या भावाच्या गळ्यात मारलंस!" वहिनी दारात होती. त्यानंतर दीड वर्ष आम्ही बोललो नाही. चतुर्थीला एकाच गणपतीसमोर दोन भिंतींना टेकून बसलो.

आबांकडे गेलो तेव्हा हे सगळे ऐकवायच्या तयारीने गेलो होतो. त्यांनी हात वर केला. "काय बदललंस ता नको. दिवो खंय पेटता, ता सांग."

"खंय म्हणजे? डॅशबोर्डावर!"

बाकड्यावरची मंडळी हसली. आबा हसले नाहीत. "चढणीक पेटता काय सपाटीक? लायटी लावल्यार काय नसताना? गाडी थंड असताना काय गरम झाल्यार?"

ज्या दिव्यापायी मी भावाशी वैर धरले, तो केव्हा पेटतो हे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. "आठ दिस बघ. मगे ये," आबा म्हणाले.

आठ दिवसांनी गेलो. चढणीला पेटतो, लायटी लावल्या की जास्त, गाडी खड्ड्यात आदळली की विझतोसुद्धा, असे सांगितले. आबांनी मान डोलावली, पण दुकानासमोर दिवा विझलेला होता, म्हणून त्यांनी पान्याला हात लावला नाही. "फॉल्ट हजर नसताना हात लावचो नाय," हा त्यांचा नेम. "बऱ्याक हात लावलंय तर बऱ्याचा वायट होयत." मी सवयीने म्हटले, "आबा, दुप्पट देतंय, आज करा." ते म्हणाले, "दुप्पट दिलंस म्हणान दिवो पेटतलो काय?"

हा नेम ते कुठवर पाळत, हे बाकड्यावर ऐकले. आरोंद्याच्या एका मासळीवाल्याच्या टेम्पोत ते म्हणे बर्फाच्या पेटीवर बसून, मीटर मांडीवर घेऊन पार खाडीपर्यंत गेले. धक्क्यावर बिघाड हजर झाला. तिथेच वायर जोडली आणि एसटीने परत आले.

माझ्यापुढे मात्र त्यांनी वेगळाच हट्ट धरला. "गाडी आधी कोणाची?" मी सांगितले. "त्याका घेवन ये. पयल्या मालकाक गाडीचा दुखणा ठावक आसता." मी म्हटले, तो येणार नाही. "मगे गाडी घेवन जा."

वहिनीकडे निरोप ठेवला. दादा आला. मागच्या सीटवर बसला, खिडकीबाहेर बघत. मी चालवत होतो. आबा शेजारी, मांडीवर मीटर. चढणीला लागलो, लायटी लावल्या, आणि दिवा पेटला.

"थांब. बंद करू नको."

पहिल्यांदाच आबांनी बॉनेट उघडले. मीटरची एक वायर बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरी डायनमोच्या अंगाला. "हय काटो हलाक नको," ते म्हणाले. काटा हलत होता. मग एक जाड वायर त्यांनी इंजिनापासून थेट बॅटरीच्या त्या टोकाला धरली, आणि आत दिवा विझला. वायर काढली, पेटला. धरली, विझला. "डायनमो करंट देता. त्याका परत येवची वाट नाय."

गाडी बंद करून त्यांनी इंजिनाला बॉडीशी जोडणारी पट्टी बॉडीच्या बाजूने खोलली. खाली लोखंड नव्हते. जाड, काळाकुळकुळीत रंग होता, आणि रंगातून करंट जात नाही.

दादा वाकून म्हणाला, "माझ्या वेळेक हय चकचकीत लोखंड होता." एवढेच.

तो रंग मी मारून घेतला होता. आमच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून गाडी घेतल्याबरोबर पावसाआधी गंजरोधक रंग. रंगाऱ्याशी हुज्जत घालून तिसरा हात फुकट मारून घेतला, वर दम दिला होता, "बोल्ट खोलून आतसुद्धा मार, कामचुकारपणा नको." त्याने मारला होता.

रंग कोणी मारला, हे आबांनी विचारलेच नाही. खिशातून पॉलिश पेपर काढून माझ्या हातात ठेवला. "घास."

मी घासत राहिलो. बाजूने गाड्या जात होत्या. दादाने न सांगता पट्टी बाजूला धरून ठेवली. लोखंड पांढरे झाले, तेव्हा तो म्हणाला, "रंगारी मात्र बरो होतो हां." मला हसू आले, आणि डोळेही भरून आले.

पुढे एकदा मी आबांना एकट्याला गाठले. "पयल्याच दिवशी वाकून बघलात, तेव्हाच तो रंग दिसलो तुमका. तेव्हाच सांगूक काय झाला?"

"तेव्हा माका नुसतो संशय होतो," आबा म्हणाले. "संशयावर पानो लावचो नाय."

दादाला का बोलावले, हे मात्र त्यांनी सांगितले नाही. मला एकट्याला कानात सांगितले असते, तर मी गुपचूप घासून घेतले असते. भावासमोर मला मान खाली घालायला लावली, ही माझी त्यांच्यावरची तक्रार आहे आणि ती मी सोडलेली नाही. भांडायला आता ते राहिले नाहीत. हात थरथरू लागल्यावर दुकान बंद करून लेकीकडे गेले आणि तिथेच गेले.

गाडी अजून माझ्याकडे आहे. दर वर्षी पावसाआधी ती पट्टी खोलून मी लोखंड घासतो आणि ग्रीस लावून पुन्हा आवळतो. मेकॅनिकला हात लावू देत नाही. दादा येतो, पट्टी धरून उभा राहतो आणि दर वर्षी विचारतो, "रंग मारूया मा रे थोडो?"