विहीर बघून घेतलेलं घर

गुहागरचं घर आम्ही घेतलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ते घर बघायला गेलेल्या माझ्या आईनं त्याचं स्वयंपाकघर पाहिलंच नाही, ही गोष्ट मी पुढं कितीजणांना सांगितली असेल. कुणाचा विश्वास बसत नाही. बाईमाणूस घर बघायला जाते आणि चूल कुठं मांडायची ते बघत नाही, असं कसं होईल, म्हणतात. जतची बाई असली की होतं.

आईला आम्ही आव्वा म्हणायचो. शेजारी कानडी बोलणारी घरं, त्यांच्या पोरांकडून ही सवय लागली. तिचं माहेर वडूजकडचं, म्हणजे कोरड्यातून निघून ती कोरड्यातच आलेली. वडिलांना आबा म्हणत असू. आबांचा घोंगड्यांचा व्यापार होता. आमच्या भागात मेंढरं भरपूर, विणणारे हात भरपूर आणि पाऊस नाही. कोकणात पाऊस भरपूर आणि मेंढरू औषधालाही नाही. या दोन मुलखांची गाठ घालून देणं हाच आबांचा धंदा. दर वैशाखात ते घोंगड्यांचे गठ्ठे एस.टी.च्या टपावर चढवून मिरज, कऱ्हाड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरायचे आणि मृगाच्या आत माल संपवून परत यायचे. निम्मा माल चिपळूणलाच जायचा. उरलेला घेऊन ते गुहागरला जात आणि तोही विकून झाला तरी तिथं चार दिवस उगीच राहत. उगीच हा शब्द आव्वाचा.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी आबांनी घरात विषय काढला, की गुहागरला एक घर घेऊन टाकावं. तिथली माणसं मुंबईला जातात, घरं बंद पडतात, म्हणेल त्याला देऊन टाकतात. लोकांना त्यांनी सांगितलं की गठ्ठे ठेवायला जागा पाहिजे, दरवर्षी दुसऱ्याच्या पडवीत किती दिवस टाकायचे. लोकांनी मान डोलावली आणि पाठीमागं हसले. पण आमच्यापुढं आबांनी लपवलं नाही. मे महिन्यात पोरीला शाळा नसते, सगळ्यांनी जाऊन पंधरा दिवस राहायचं, काही करायचं नाही, नुसतं राहायचं, असं त्यांचं म्हणणं. समुद्र समोर दिसेल असं घर त्यांनी मनात धरूनही ठेवलं होतं. जतमध्ये तेव्हा सुट्टीसाठी घर घेतलेला माणूस मी तरी ऐकला नव्हता. पैशाचं कसं जमवलं ते मला विचारू नका, ती बोलणी माझ्यासमोर होत नसत.

आव्वानं एवढंच विचारलं, की तिथं विहीर आहे का. आहे म्हटल्यावर ती म्हणाली, आपण वैशाखातच बघायला जायचं.

"दिवाळीत कुणाचीबी हीर भरल्यालीच असती," ती म्हणाली. "वैशाखात काय ऱ्हातंय त्ये बघायचं."

तेव्हा त्या वर्षी आबांच्या गठ्ठ्यांबरोबर आम्ही दोघीही निघालो. कोयनेच्या धरणाचे ट्रक आडवे आले की एस.टी. थांबायची आणि आव्वा खिडकीतून बघून म्हणायची, एवढं पाणी अडवून हे लोक देणार कुणाला. घाट उतरताना मला दोनदा ओकारी झाली. चिपळूणपासून पुढं आव्वा एकदम गप्प झाली, कारण भर उन्हाळ्यात बाहेर सगळं हिरवं होतं. मला वाटतं तिला रागच आला होता.

आबांच्या मनातलं घर खालच्या पाटात होतं. गुहागरला घरांच्या दोन ओळी, एक समुद्राच्या अंगाला तो खालचा पाट, एक डोंगराच्या अंगाला तो वरचा. आबा त्या घराच्या मागच्या पडवीत वर्षानुवर्षं गठ्ठे टाकत आले होते. पडवीत उभं राहिलं की माडांच्या बुंध्यांमधून थेट समुद्र दिसायचा. मी तर तिथंच खिळले. आबा माझ्यामागं उभे राहून माझ्याकडं बघत होते, आपण स्वतः तो समुद्र केल्यासारखे. मग त्यांनी आव्वाला हाक मारली.

आव्वा विहिरीवर होती. तिनं कळशी सोडली, दोर किती हात गेला ते मोजलं, कळशी वर घेऊन ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मचूळ होतं. मालक म्हणाले, हे वापरायला, प्यायचं पाणी रस्त्याच्या पलीकडून आणायचं, पन्नास पावलांवर आहे, शेजारी चांगले आहेत. आव्वानं त्यांना नीट विचारून घेतलं, कुठल्या घरातून. आणि समुद्राकडं पाठ करून, पदर खोचून, ती सरळ रस्त्यापलीकडं चालू लागली. पाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात मी जतमध्ये जाते तेवढं पुरे, असं ती वाटेत मला म्हणाली.

ते घर एका पेन्शनीत गेलेल्या मास्तरांचं निघालं. आव्वानं त्यांच्या अंगणात शिरून, कोण कुठली काही न सांगता, पहिल्यांदा पाणी मागितलं. मास्तरांनी तांब्याभर आणून दिलं. तिनं ते उभ्याउभ्या सगळं प्यायलं. मग विहीर बघितली. वैशाखातही पाणी वाकून हात लावावा इतकं वर. रहाट होता, उपसलेलं पाणी साठवायला दगडी डोण होती. तिनं मास्तरांना विचारलं की हे घर विकायचं आहे का. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मास्तर हसले, म्हणाले, मुलगा मुंबईला बोलावतोय खरा, मीच टाळतोय. आणि मग भल्या माणसानं आपणहून सांगून टाकलं, "समुद्र मात्र दिसत नाही हो इथून. गाज तेवढी येते."

तोवर आबा मागोमाग आले होते. मास्तरांनी त्यांना झोपाळा दाखवला, आतल्या खोल्या दाखवतो म्हणाले. आबा गेले नाहीत. ते जोत्यावर चढले, टाचा उंचावून खालच्या पाटाकडं बघितलं. मध्ये सगळी कौलं आणि माड. आव्वा दुसरी कळशी काढून पायांवर ओतत होती, एक घोटही न वाचवता. आबा जोत्यावरून उतरले.

"तुला पटलं न्हवं?" त्यांनी विचारलं. "झालं तर मग."

मला तिचा इतका राग आला होता की परतीच्या वाटेवर पाटण येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. दोन दिवस आम्ही तिथं होतो आणि ती समुद्रावर फिरकलीसुद्धा नव्हती. मी ओढलं तर म्हणाली, प्यायला येत नाही, धुवायला येत नाही, त्याला काय बघायचं. आबा मात्र गप्प गप्प झाले, पण चिडले नाहीत. त्यांचा हाच स्वभाव मला आजही सोसत नाही. हवं ते माणसानं मागावं.

मास्तर अखेर मुलाकडं मुंबईला गेले, घर आमचं झालं आणि पुढच्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा राहायला गेलो. जतच्या स्टँडवर गठ्ठे चढवताना हमाल कुरकुरायला लागला, की घोंगडी एवढी जड कधीपासून झाली. आबांनी एक गठ्ठा सोडून बघितला. आत वाकळा निघाल्या. आमच्या आणि चुलत्याच्या मिळून अकरा वाकळा, जुन्या लुगड्यांचे थर टाचून शिवलेल्या. जतमध्ये वाकळ वर्षातून एकदा, ओढ्याला पाणी आलं तर, धुवायची, आणि गेली दोन वर्षं ओढ्याला धड पाणी आलं नव्हतं. आव्वा त्या सगळ्या सुट्टीवर न्यायला निघाली होती. आबांनी गठ्ठा पुन्हा बांधला. कंडक्टरनं विचारलं तर त्यांनी घोंगडीच आहेत म्हणून सांगितलं.

गुहागरला पोचल्यावर पहिल्यांदा स्वयंपाकघर उघडलं. खोली काळीकुट्ट, धुराला वाट नाही, दार इतकं ठेंगणं की आबांचं डोकं आपटलं. आव्वाचं काही बिघडलं नाही. तिनं मागच्या पडवीत तीन दगड मांडले आणि विहिरीकडं गेली. त्यानंतर आमची सुट्टी विहिरीवरच झाली. आबा रहाट ओढायचे, मी डोणीतलं पाणी दगडावर ओतायची, आव्वा लुगडं वर खोचून वाकळा पायांनी तुडवायची. पहिल्या दिवशी पाणी चिखलासारखं निघालं. ती ते बघून खूश झाली, मलाही बोलावून तिनं दाखवलं. माडामाडांना दोऱ्या बांधून वाकळा वाळत घातल्या की अंगणच दिसेनासं व्हायचं. शेजारच्या बाया येऊन बघत उभ्या राहत. घाटावरून माणसं आंबे खायला येतात हे त्यांना ठाऊक होतं, हे नवीन होतं. तरी एकीनं आपणहून आणखी दोर आणून दिला.

आणि आव्वाच्या अंघोळी. घरी आम्ही मोजून दोन तांबे घ्यायचो, तेही परातीत बसून, कारण परातीतलं पाणी पुन्हा भांड्यांना आणि मग शेवग्याला जायचं. इथं ती माडाच्या विणलेल्या झापांच्या आडोशाला बसून सकाळ-संध्याकाळ डोक्यावरून कळशा ओतून घ्यायची. पाणी असंच जमिनीत जिरून जायचं. आतून तिचं हसणं ऐकू यायचं, एकटीचंच. माझी आई एकटी असताना हसते हे मला तोवर माहीत नव्हतं. माझा सगळा राग त्या आडोशाबाहेर उभ्याउभ्या गेला.

आबांच्या मनातलं मात्र गेलं नसावं. अकरा वाकळा संपल्यावर आव्वानं पोती काढली, पोती झाल्यावर घराची दारं धुवायला घेतली. पाचव्या दिवशी सकाळी तिनं आणखी एक डोण भरून मागितली. आबांनी भरली, दोर खुंटीला नीट अडकवला, टोपी घातली आणि निघून गेले. जेवायच्या वेळेला आले नाहीत. आव्वानं भाकरी झाकून ठेवली. थोडा वेळ ती त्यांना बोलत राहिली, मग दाराशी जाऊन आली. उन्हं कलायला लागली तशी तिनं हात पुसले आणि मला म्हणाली, चल, कुठं असतील ते दाखव.

खालच्या पाटातल्या बोळातून आम्ही उतरलो. वाळू लागल्यावर आव्वानं चपला हातात घेतल्या. माड संपले आणि ती थांबली. मी तिच्याकडं बघत होते, पण ती मला विसरली होती. तिनं श्वास घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही. आबा थोडं पुढं, सावलीला, गुडघ्यांना मिठी घालून बसले होते. ती जाऊन त्यांच्यामागं उभी राहिली.

"जेवाया का आला न्हाई?"

"भूक न्हवती," आबा म्हणाले.

ती त्यांच्या मागंच खाली बसली. मी दोघांच्या मधल्या वाळूत बोटं घालत राहिले. लाटा येत होत्या, जात होत्या. मग आबा समुद्राकडंच तोंड ठेवून बोलायला लागले. आबा सलग इतकं बोललेले मी त्याआधी ऐकले नव्हते.

"बारा वर्सं झाली हितं यायला. दर वर्साला हितं बसायचो आन इचार करायचो, घरी गेल्यावं तुला ह्ये कसं सांगावं. न्हाईच जमलं कवा. म्हनलं, दिसनारं घरच घ्यावं. भाकरी थापता थापता तूच बघशील."

"मग तवाच का बोलला न्हाई?" आव्वानं विचारलं.

"तू त्या मास्तराचं पानी पीत हुतीस. तुजं त्वांड बगितलं आन मग बोलावंसं वाटंना."

आव्वानं वाळूची मूठ भरली आणि सोडून दिली. मग घरातला एखादा हिशेब मिटवावा तशा आवाजात ती म्हणाली, "पुढल्या खेपंला पानी मी वढीन. तुमी खुशाल हितं येऊन बसा."

"एकट्यानं लय वर्सं बगितला की," आबा म्हणाले.

आव्वानं मला जवळ ओढलं आणि पदरानं माझं नाक खसाखसा पुसलं. ते वाहत नव्हतं. मग त्याच पदरानं स्वतःचे डोळे पुसले आणि उठून आबांच्या अगदी शेजारी गेली.

"सरका जरा," ती म्हणाली. "मागनं मला नीट दिसंना झालंय."