पेटीवरून मला उठवणारे पाळकसाहेब

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, सकाळी अकराला दहा मिनिटे असताना, रेव्हरंड शमुवेल खिल्लारे यांनी भर उपासनेत माझा अपमान केला. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात मी लिहावे असा आग्रह धरणाऱ्या समितीला हे ठाऊक होते. आता समितीने भोगावे.

आमची पहिली भेट वारंगा फाट्यावर झाली. मी बदलून आलेली नवी मुख्याध्यापिका, हिंगोलीच्या गाडीची वाट पाहत होते. गळ्याला पांढरी पट्टी लावलेले एक गृहस्थ एकाएकी माझ्या पाठीमागे येऊन लपले. समोर एक मरतुकडे कुत्रे होते.

"बाई, जरा तसंच उभं ऱ्हा. ते तुमाला भिऊन राहिलंय."

निरीक्षण बरोबर होते. पुढे मला सगळेच भ्याले.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वीज कडाडली की पाळकसाहेब प्रवचन आटोपते घेतात. इंजेक्शनच्या नुसत्या नावाने त्यांना घाम फुटतो. आणि याच माणसाने कोरोनात माझ्या यजमानांना मूठमाती दिली. सख्खे दीर आले नाहीत. चर्चच्या मंडळीचे पुढारी दफनभूमीच्या फाटकाबाहेर थांबले. पाळकसाहेब खड्ड्यात उतरले तेव्हा त्यांचे हात लटपटत होते. मी विचारले, "तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटती की बाई, लई वाटती. पण देवाला काय तोंड दाखवू, ह्याची त्याहून जास्त वाटती. मंग बाकीची भीती गपगुमान मागं जाऊन उभी ऱ्हाती."

हे मला आजही नीट कळलेले नाही. सिस्टरांच्या शाळेत मीही देवाचे भय शिकले. तो पाहतो आहे, नीट बस, शाई सांडू नको. त्या भयाने माझे दुसरे एकही भय गेले नाही, उलट शाईचे वाढले. मग यांच्याकडेच ते असे उलटे का चालते? अनेकदा विचारले. दर वेळी चहा मिळाला, उत्तर नाही.

आता त्या रविवारविषयी. आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, वर्षानुवर्षे पेटी मी वाजवत आले. उपासना संपली की पाळकसाहेब सर्वांसमोर म्हणत, "बाई, आज पेटी फर्मास झाली." त्या दिवशी दुसरे गीत संपताच ते व्यासपीठावरून उतरले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. हात तसेच लटपटत होते.

"मंडळी, मी बाईंशी खोटं बोलून राहिलो. त्यांची बोटं आता गीताच्या मागं पडतात. तुमाला समद्यांना ठावं हाय. बाईंना भिऊन मी गोड बोलत गेलो आन देवाला भ्यायचं इसरलो. बाई, माफ करा. आता रिबेकाला बसू द्या."

मागून कुणीतरी "आमेन" म्हणाले. ते कोण, हे मी शोधून काढणार आहे.

त्या संध्याकाळी ते माझ्या घरी आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेजाऱ्यांचे कुत्रे मोकळे असते, म्हणून एरवी ते मलाच कोपऱ्यावर बोलावून घेतात. त्या दिवशी एकटे आले. मी म्हटले, "हे घरी येऊन सांगता आले नसते?"

"खोटं समद्यांसमोर बोललो, बाई. खरं घरात लपून काहून बोलू?"

मी चहा दिला. साखर घातली नाही. त्यांनी निमूट प्यायला.

तेव्हापासून मी मागच्या बाकावर बसते. रिबेका बरी वाजवते. ज्यांनी माझ्या माणसाला माती दिली, त्यांनीच मला पेटीवरून उठवले. दोन्ही वेळा हात सारखेच कापत होते. या माणसावर रागवावे कसे, हे मला समजत नाही. म्हणून रागवतेच आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. यजमानांच्या स्मरणसभेत पेटी मीच वाजवली होती. तेव्हाही ते म्हणाले होते, "फर्मास." त्या दिवशीचे तरी खरे होते का?

याचे उत्तर मला पाळकसाहेबांच्या हातचे, लेखी हवे. तोंडी नको. समोरासमोर ऐकण्याची मला भीती वाटते. मुदत त्यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या संध्याकाळपर्यंत. तोवर त्यांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात आणि कुठेही जाऊ नये. वरून बोलावणे आले, ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.