पाटपाणी वसूल होईपर्यंत

माझ्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस श्रीरामपूर तालुक्यात आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, मी स्वतः त्यांतलाच एक. पण आमची भीती किरकोळ विक्रीची. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा, साहेब दिसला की चष्मा पुसायला काढायचा, एवढ्यात ती संपते. साडूंचा कारभार घाऊक होता. ते विजेला भीत, पालीला भीत, न्हाव्याच्या वस्तऱ्याला भीत, लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्या बायकांना भीत आणि तार आली नसतानाही तारवाल्याला भीत. एसटी पूर्ण थांबून ड्रायव्हर-कंडक्टर चहाला निघून गेले तरी हे आपले सीटचा दांडा धरून आत बसलेले असायचे. "उतरताना गाडी हलली म्हंजी?" असा त्यांचा सवाल असे. एकदा याच सवालापायी नेवाशाला उतरायचे साडू थेट औरंगाबादेत जाऊन पोचले. तिथल्या स्टँडवरून त्यांनी मला नगरला फोन केला. आवाज इतका कापत होता, की मला वाटलं, यांना कुणीतरी पळवूनच नेलं आहे.

आणि अशा माणसाला सरकारनं नोकरी दिली ती पाटबंधारे खात्यात, कालवा निरीक्षकाची! भंडारदऱ्याहून सुटलेलं पाणी कालव्यानं खाली आलं, की चाऱ्यांतून, म्हणजे कालव्याला फुटलेल्या लहान पाटांतून, ते शेतांना पाळीनं द्यायचं, एकाची पाळी सरली की त्याचं गेट बंद करून दुसऱ्याचं उघडायचं, हे काम. ऐन मे महिन्यात उसाचं चालू पाणी तोडणं म्हणजे काय असतं, हे ज्यानं फावडं घेऊन अंगावर धावून येणारा शेतकरी पाहिला आहे त्यालाच कळेल. साडूंनी तो पाहिला होता. तेव्हापासून पाणी तोडायच्या आधी ते त्या शेतकऱ्याच्या वस्तीवर जात, चहा घेत, म्हशीचं दूध किती निघतं ते विचारत, आणि मग हळूच म्हणत, "तुमची हरकत नसंल तर गेट जरा खाली घेऊ का?" गंमत म्हणजे त्यांच्या हाताखालच्या चारीवर शेवटच्या शेतालाही पाणी मिळे. शेवटाला आधी द्यायचं आणि मग वर वर यायचं, हा खात्याचा नियम इतर ठिकाणी कागदावरच असायचा. साडू तो अक्षरशः पाळत. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "शेवटचा माणूस सगळ्यात जास्त चिडल्याला असतो. त्याचं भ्या सगळ्यात जास्त."

ते निवृत्त झाल्यावर पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर आणून घरात ठेवला. महिनाभर साडू त्याच्या खोलीतून अंग चोरून जात. मग भीतभीत जवळ गेले. चपला दाराबाहेर काढायच्या, हात धुवायचे, आभाळ गडगडलं की पिन काढायची, तीही लाकडी पट्टीनं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं, की फ्लॉपीतून व्हायरस शिरतो. तेव्हापासून फ्लॉपी आत सरकवताना ते तोंडाला रुमाल बांधायला लागले आणि फ्लॉप्यांच्या डबीत त्यांनी डांबरगोळ्या टाकल्या. कॉम्प्युटरला लागण होऊ नये म्हणून रुमाल बांधता, की तुम्हाला होऊ नये म्हणून, असं मी विचारलं. "कुनालाच नगं," असं ते रुमालाआडून म्हणाले.

त्या सुमारास मिशन कंपाउंडच्या बाजूला रूथबाईंचा कॉम्प्युटर क्लास होता. बाई गणिताच्या पदवीधर, चर्चच्या शाळेत काही वर्षं शिकवलेलं, बोलायला खणखणीत. त्यांनी रिकाम्या वेळात स्वतःच, कुणाच्या मदतीशिवाय, एक खेळ तयार केला होता. त्याचं नाव 'पाटपाणी'. पडद्यावर एक कालवा, त्याला फुटलेल्या चाऱ्या, चाऱ्यांवर गेटं आणि कडेला चौकोनी शेतं. कालव्यात पाणी मोजकंच. ते संपायच्या आत गेटं अशा क्रमानं उघडायची-मिटायची, की सगळी शेतं हिरवी व्हावीत. एक कोडं सुटलं की पुढचं उघडे, आणि प्रत्येक पुढचं आधीच्यापेक्षा नाठाळ. फ्लॉपीची किंमत दोनशे रुपये. त्या काळी गावात कुणी खेळ विकत घेत नसे; एकाकडून दुसऱ्यानं फुकट उतरवून घ्यायचे हाच रिवाज होता. साडूंनी मात्र रोख पैसे मोजले. एक तर फुकट उतरवून घेतलं तर पोलीस येतील अशी भीती, आणि दुसरं म्हणजे रूथबाईंना तोंडावर नाही म्हणायची भीती. माझ्या माहितीप्रमाणे 'पाटपाणी' विकत घेणारे ते जगातले एकमेव गृहस्थ.

पैसे दिले आणि त्याच क्षणी एक नवी भीती त्यांच्या मानगुटीवर बसली. आपण फसलो की काय? भेटेल त्याला ते विचारत, "एका खेळाला एवढं पैसं देनं बराबर हाय का?" किराणावाला म्हणाला, वेड लागलंय तुम्हाला. मुलगा म्हणाला, परदेशी खेळ मी पन्नास आणून दिले असते. मी आपला समजूत घालत असे, की सिनेमा तीन तासांत संपतो, हा किती दिवस पुरतोय बघा. झालं! त्यातून त्यांना आणखी दोन भीती सापडल्या. लवकर संपला तर पैसे बुडाले. आणि संपलाच नाही तर आपण आधी संपायचो. शेवटी त्यांनी हिशेब असा ठरवला, की सगळी कोडी सुटली की पैसे वसूल, तोवर मत द्यायचं नाही.

आणि कोडी काही सुटेनात! कारण हा माणूस ती कालवा निरीक्षकासारखी खेळत होता. रूथबाईंनी रचलेल्या कोड्यांत कधी वरच्या शेताला आधी पाणी द्यावं लागे. साडू ते देत नसत. कधी अर्धं भिजलेलं शेत तोडावं लागे. तेव्हा तर ते बटणावर बोट ठेवून घामाघूम होत. धीर करून एखादं गेट मिटलंच, तर मिटल्याबरोबर वळून दाराकडे बघत. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. रूथबाई एकदा घरी आल्या होत्या. त्यांनी हा प्रकार बघून कपाळाला हात लावला. "काका, अहो ते नुसते चौकोन आहेत!"

"चौकोनाला मालक असतोच की, बाई," साडू म्हणाले.

तरी रोज सकाळी पूजा आटोपली की ते बसत. लांबचा वळसा घेऊन, कुणाचं मन न दुखवता, एकेक कोडं सोडवत ते शेवटच्या कोड्यापर्यंत आले, आणि तिथेच त्यांच्या छातीत दुखायला लागलं.

तपासण्या झाल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली, तीही लवकर. आता डॉक्टर बिचारे सज्जन. पेशंट पाटबंधारे खात्यातला आहे हे कळल्यावर त्यांनी त्याच्या भाषेत समजावायचं ठरवलं. म्हणाले, तुमच्या हृदयाच्या तीन चाऱ्यांत गाळ बसलाय. आपण काय करणार, पायातली शीर काढून वळणाची नवी चारी टाकणार, पाणी सुरळीत. दुसऱ्या कुणाला यानं धीर आला असता. साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. सबंध आयुष्यात त्यांनी पाहिलेली प्रत्येक नवी चारी पहिल्याच पाण्याला फुटली होती. "भराव बसाया दोन पावसाळं लागत्यात, डॉक्टर," ते म्हणाले. डॉक्टर पुढे म्हणाले, काम चालू असताना हृदय थोडा वेळ बंद ठेवू, मग पुन्हा चालू करू. त्यावर साडू उठून उभेच राहिले. गंजून बसलेली, मिटली की परत न उघडणारी किती गेटं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असतील, ते त्यांचं त्यांना माहीत.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, की 'पाटपाणी' वसूल झाल्याशिवाय मी पुण्याला जाणार नाही. शेवटचं कोडं राहिलंय, पैसे अडकलेत. हे निमित्त आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण त्यांना बोलणार कोण? आक्का, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, तशी घरातली धीट बाई. नवऱ्याच्या वाट्याची पाल मारणं, वस्तीवरच्या भांडणात मध्ये पडणं, सगळं तिनं केलं. तीही आता खचली. ते खेळायला बसले की ती दाराशी बसून त्यांच्या पाठीकडे बघत राही. पाठ हलते आहे ना, एवढंच बघत असावी. तिनं मला नगरहून बोलावून घेतलं. मी गेलो, रजा टाकून तिथेच राहिलो, समजावलं, रागावलो. काही उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. जेवताना त्यांचा हात जरा थांबला तरी मी भाकरी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत बसायचो.

शेवटी आक्कानं रूथबाईंचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हणाली, बाई, उत्तर सांगून टाका एकदाचं, सुटूद्या माझ्या मालकाला. रूथबाई लगेच आल्या, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, हे मधलं शेत बघा. याचं पाणी थोडा वेळ पूर्ण बंद करायचं. ते पिवळं पडेल, पडू द्या. तेवढ्यात खालची भिजतात, आणि मग याला परत सोडायचं. दुसरा मार्गच नाही."

साडू त्या शेतावर बोट ठेवून म्हणाले, "आन परत सोडायच्या आत पानी सपलं तर?"

"नाही संपत. मी हिशेब केलाय."

"डॉक्टरबी असंच म्हनला," साडू म्हणाले, आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. रूथबाई जाताना अंगणात थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "भाऊ, असं कोडं मी का घातलं हो?" त्या मला म्हणाल्या.

त्यानंतर आठवडाभरात, एका सकाळी, साडू खोलीतून बाहेर आले. अंगात इस्त्रीचा सदरा. म्हणाले, "वसूल झालं. सुटलं शेवटचं. चला पुन्याला." आक्का आधी रडली, मग हसली, मग शेजारीपाजारी साखर वाटून आली. 'पाटपाणी'ची किंमत अखेर सार्थकी लागली, असा निकाल त्यांनी स्वतःच्या तोंडानं दिला. किराणावाल्यालाही निरोप धाडला. पुण्याला जाताना सबंध वाटेत त्यांचा चेहरा शांत होता. मला वाटलं, जिंकला बुवा माणूस.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना ट्रॉलीवरून नेत होते. आक्का खुर्चीवर डोळे मिटून बसली होती. मी ट्रॉलीसोबत दारापर्यंत चाललो होतो. तिथे त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार होता.

"पाव्हनं, खोटं बोल्लो. सुटलं न्हाई ते. त्या शेताचं पानी माज्याच्यानं तोडवंना."

"मग वसूल झालं म्हणालात ते?"

"तुमची आक्का दाराशी बसायची ना. ती भ्यायली हुती. मला भ्यायची सवय हाय, जलमाची. तिला न्हाई." आणि मग माझ्याकडे बघत, बारीक आवाजात, "लई भ्या वाटतंय, पाव्हनं." दार उघडलं, ट्रॉली आत गेली. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ कितीतरी वेळ तसेच होते.

ते परत आले. चारी फुटली नाही, गेट उघडलं. पुढे सात-आठ वर्षं ते जगले, आणि पूर्वीइतक्याच निष्ठेनं सगळ्याला भीत राहिले. शेवटचं कोडं त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मीही त्यांचं गुपित आक्काला कधी सांगितलं नाही. रूथबाई एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा त्यांनी मला विचारलं, काकांना खरंच पटली होती का हो किंमत? मी हो म्हणालो. छाती दुखत असतानासुद्धा तासतासभर त्या माणसाला दुसऱ्याच कुणाच्या तरी शेताची काळजी वाटत होती. दोनशे रुपयांत याहून जास्त काय मिळायचं?

आता साडू नाहीत. ते होते तोवर आम्हा सगळ्यांना फार निर्धास्त वाटायचं. घरात काही अशुभ यायचं असलं तर त्याला आधी ते भ्यायचे, आमच्या वाट्याला थोडंच उरायचं. परवा माझ्या स्वतःच्या छातीचा एक्स-रे डॉक्टरांनी उजेडासमोर धरला, आणि घरचं कुणी सोबत आलंय का, असं विचारलं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" ती दाराशीच उभी होती. मी हसून म्हणालो, "काही नाही, सगळं ठीक आहे." म्हणताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.