आखाजीची पाणसळ

तास संपवून धनसिंग बाहेर आला तेव्हा शाळेच्या पायरीवर वना बसला होता. वना धरणगावच्या हायस्कुलातला शिपाई. आज तो धुळ्यापर्यंत आला होता, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली होती. वना कधी टोपी काढत नसे.

“नाना गेले, सर.”

कोणते नाना, असं धनसिंग विचारणार होता. मग त्याला कळलं. गिरधरनाना. शनिवारी त्यांनी पुस्तकांना ऊन दाखवलं, रविवारी छातीत दुखलं. वनाला एवढंच सांगता आलं.

“नानांच्या आबांचा निरोप आहे,” तो म्हणाला. “आखाजीला या. येताना पाणसळ घेऊन या.”

पाणसळ म्हणजे गवंड्याची लाकडी पट्टी. तिच्यातल्या काचेच्या नळीत पाणी आणि त्यात बुडबुडा असतो. तो मधोमध थांबला की जागा सपाट. ग्रंथपालाच्या मरणाशी तिचा काय संबंध, हे दुसऱ्या कुणी विचारलं असतं. धनसिंगनं विचारलं नाही.

धनसिंग बी.ए. होऊन धरणगावला मराठी शिकवायला गेला ते साल बावन्न. कचेरीच्या मागच्या खोलीत सागवानी कपाटं होती, तेच शाळेचं ग्रंथालय. पूर्वी कपाटांना कुलूप असायचं. वाचल्यानं पुस्तकं खराब होतात, असं आधीच्या हेडमास्तरांचं मत होतं. गिरधरनानांना नेमलं तेव्हा त्यांनी बजावलं होतं, “किल्ली जपा.” नानांनी किल्ली इतकी जपली की ती पुन्हा कुणालाच सापडली नाही. कपाटं उघडी राहिली ती राहिलीच.

दाराशी एक पाटी टांगलेली असे. पोरानं काही विचारलं की नाना उत्तर देत नसत, खडू देत. “लिही. मग बघू, कुठं सापडतं ते.” पाटी पुसायचा हक्क ज्यानं विचारलं त्याचाच. हेडमास्तरांनाही तो नव्हता.

पाचवीतल्या एका पोरानं लिहिलं होतं, ‘उंटाला पोहता येतं का?’ कपाटातली सगळी पुस्तकं धुंडाळून झाली. हिवाळाभर तो उंट दाराशी लटकत राहिला. शेवटी गिरणेच्या काठी उंटवाल्यांचा तळ पडला, तेव्हा ते पोरगं तिकडे जाऊन आलं. पाटी पुसताना म्हणालं, “येतं, नाना. पण त्याला आवडत नाही.”

धनसिंगला सुरुवातीला या सगळ्याचा राग यायचा. “तुम्हाला माहीत असतं, नाना. सांगून टाका की. पोरांचा वेळ वाचेल.”

“वाचवून ठेवतील कुठं, सर?” नाना म्हणाले.

दोघांची मैत्री झाली ती त्या दिवशी. नाना वयानं वीस वर्षांनी मोठे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरी धनसिंगचं जेवण ठरल्यासारखंच झालं. कमलवहिनी वाढताना म्हणायच्या, “भाऊ, यांना काही विचारू नका. ताटावर खडू देतील.”

त्रेपन्नच्या जूनमध्ये शाळा उघडली आणि शेवंता नावाची मुलगी खोलीत आली. ती नानांच्याच गावची, रोज चालत यायची. तिनं विचारलं, “नाना, ढेकळं खरं सांगतात का?”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा, पुढं सांजोऱ्या. घागरीखाली मातीची चार ढेकळं असतात. जेठ, आषाढ, श्रावण, भादवा. कोरी घागर झिरपते. सकाळी जे ढेकूळ जास्त भिजलेलं, त्या महिन्यात पाऊस जास्त. गावची ढेकळं पाहायचा मान ज्यांचा, ते जीवरामआबा नानांचे वडील. त्यांच्या घरची घागर नानांच्या आईच्या नावाची. ती भरायला नाना दर आखाजीला घरी जात.

नानांनी एकदा खिडकीतून गावाच्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्यांनी खडू पुढं केला. “लिही.”

पंचांग पाहिलं, भूगोल पाहिला. ढेकळाचं नाव कुठंच नव्हतं.

“पुस्तकात नाही ना? चला, अंगणात बघू.”

अंगणात मोकळ्या आभाळाखाली पत्र्याचा डबा ठेवला. रोज सकाळी डब्यात काडी बुडवायची. जेवढी भिजेल तेवढं माप सुतळीवर घ्यायचं, गाठ मारायची, डबा रिकामा करायचा. महिन्याची एक सुतळी. भादवा संपला तेव्हा कपाटाच्या कडेला चार सुतळ्या लोंबत होत्या. श्रावणाची सर्वांत लांब.

आबांनी श्रावणच सांगितला होता.

“आबा जिंकले!” पोरं ओरडली. नानांचा चेहरा त्या दिवशी असा उजळला होता की धनसिंगला तो कायम आठवत राहिला. पण शेवंता पाटी पुसेना.

“माझ्या घरी जेठ भिजला होता,” ती म्हणाली. “त्याच्या आधीच्या वर्षीही जेठच. एकाच गावात दोन पाऊस कसे?”

नानांनी डोळे मिटून घेतले. “मग काय करशील?”

पुढच्या आखाजीला तिनं घरी जेठाच्या जागी भादवा ठेवला. सकाळी भादवा भिजलेला. मग तिनं जमिनीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ उंबऱ्याकडे गेलं. तिच्या घराचा उतारच तिकडे होता, आणि त्या बाजूचं ढेकूळ दर वर्षी भिजत होतं.

इथवर ठीक होतं. पण शेवंता तोच तांब्या घेऊन आबांच्या घरी आली.

ओसरीवर माणसं जमली होती. आबा पाऊस सांगणार होते. नाना आणि धनसिंग भिंतीला टेकून बसले होते. कुणी काही म्हणायच्या आत शेवंतानं पाणी ओतलं. ते पोपडे आलेल्या सारवणावरून वळत वळत मोरीकडच्या कोपऱ्यात गेलं आणि श्रावणाच्या ढेकळापाशी थांबलं.

“म्हणजे आबा,” कुणीतरी म्हणालं, “आपला श्रावण मोरीकडे राहतो!”

ओसरी हसली. आबा हसले नाहीत. ते पोरीकडे बघतही नव्हते. आपल्या मुलाकडे बघत होते.

“तू पोरेस्ले पितरेस्नी परीक्षा लेवाले शिकाडस का?”

“आबा, तसं नाही—”

“हाई घागर तुन्या मायनी शे. आते आखाजीले येऊ नको.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी असून शेवंता ग्रंथालयात आली. रडत म्हणाली, “नाना, पुसून टाकू?”

“उत्तर सापडलं का?”

“सापडलं.”

“मग पूस. पण रडत नको पुसू.”

पुढची आखाजी आली. नाना सकाळी ग्रंथालय उघडून बसले. मुलं नव्हती, काम नव्हतं. धनसिंग त्यांना घरी न्यायला गेला. नाना खिडकीतून गावाच्या रस्त्याकडे बघत होते. “या वेळी आबा विहिरीवर गेले असतील,” ते म्हणाले. “आईला त्याच विहिरीचं पाणी लागायचं.” कमलवहिनींनी घरी घागर भरायची तयारी केली होती, ती नानांनी नको म्हटली. आईची घागर दोन ठिकाणी कशी भरायची? त्यांना ते पटत नव्हतं. त्याच्या पुढची आखाजीही तशीच गेली.

पोरं मात्र डबा ठेवतच होती. सुतळ्या वाढत होत्या.

छप्पन्नच्या श्रावणात, बाजाराच्या दिवशी, आबा ग्रंथालयाच्या दारात उभे राहिले. जोडे बाहेर काढले, देवळात काढावेत तसे. नाना उठून उभे राहिले. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते सुतळ्यांकडे गेले.

“श्रावण कोनता?”

शेवंता तिथंच होती, आता आठवीत. तिनं एकेका वर्षाचा श्रावण दाखवला. आबांनी सुतळी हातात धरली आणि एकेक गाठ चाचपत खाली आले. चौपन्नची झाली, पंचावन्नची झाली. दोन्ही लांब होत्या.

“मंग मी खोटा नही.”

“श्रावण खरा होता, आबा,” नाना म्हणाले. “तो ढेकळामुळे होता का, एवढंच पोरीनं विचारलं.”

आबांनी सुतळीची शेवटची गाठ पुन्हा चाचपली. बाहेर पाऊस डब्यावर वाजत होता.

“जमीन सपाट करी तं काय व्हई?” ते म्हणाले.

नानांनी वडिलांपुढं खडू धरला.

धनसिंग दारात उभा होता. त्यानं आयुष्यात पुष्कळ पुस्तकं वाचली होती. असं काही कुठं वाचलेलं त्याला आठवेना.

आबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी खडू शेवंताकडे दिला. “लिख वं, पोरी.” तिनं लिहिलं, ‘जमीन सपाट केली तर?’ आबांनी पाटीकडे पाहून मान हलवली. जोडे घालताना, पाठमोरेच, म्हणाले, “आखाजीले ये. पाणसळ लई ये.”

नाना त्यांना सोडायला पावसात बाजाराच्या रस्त्यापर्यंत गेले.

त्या आखाजीला बाप-लेकांनी मिळून कोपऱ्यात माती भरली, चोपली, सारवली. बुडबुडा मधोमध आला, तेव्हा नानांनी आईची घागर भरली. सकाळी चारही ढेकळं थोडी थोडी ओली होती.

“आबा, औंदा पाऊस कसा?” लोकांनी विचारलं.

“माले काय माहीत? भादवा सरना का पोरेस्ले इचारा.”

ओसरी पुन्हा हसली. या वेळी आबाही हसले. पाटी मात्र त्यांनी पुसली नाही. एका वर्षानं काय कळतं, म्हणाले. मग दर आखाजीला पाणसळ लागायची. धनसिंगची बदली धुळ्याला झाली, पाटी तशीच होती.

आता साठ साल. धनसिंग ओसरीवर चढला तेव्हा कोपऱ्यात नानांच्या आईची घागर भरलेली होती. तिच्या शेजारी दुसरी, कोरी. कमलवहिनी भिंतीशी बसल्या होत्या. वनानं शाळेतून पाटी आणून दाराला टांगली होती.

आबांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी हातानं जमीन चाचपली. “मास्तर, लाव.”

धनसिंगनं पाणसळ ठेवली. बुडबुडा एका बाजूला गेला. त्यानं माती चोपली, पुन्हा ठेवली.

“थांबना का?”

“थांबला, आबा.”

आबांनी चार ढेकळं आपल्या हातानं मांडली. वर कोरी घागर बसवली. कमलवहिनींनी विहिरीचं पाणी ओतलं. घागर भरली, तेव्हा आबांनी तिच्या पोटावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

“आते?” धनसिंगनं विचारलं. आपण आबांच्या बोलीत बोललो, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

“आते काय?” आबा म्हणाले. “सकाळे पाहू.”