रोबोटच्या चाकाला खोबरेल

आज शाळेत रोबोटची स्पर्धा आहे आणि मी तिथे मुलांना पाणी द्यायला जाणार, हे कालच इथे आपल्या ग्रुपवर सांगितलं होतं. विसरलात ना? माझं औषध विसरता, तिथे हे काय लक्षात राहणार. असो. मी सांगतेय, नात टाइप करतेय.

कोन गावची प्रज्ञा सराव करून जेवायला निघाली. "आजी, माझा रोबोट सांभाळा हां," म्हणाली. त्याची चाकं फार कुरकुरत होती. आपल्या घरी कापडाचा लूम, म्हणजे माग, कुरकुरला की आधी तेल. पिशवीत केसांचं खोबरेल होतं, ते मी दोन्ही चाकांना चोळलं आणि बोटं पदराला पुसली.

स्पर्धेत रोबोटला छोटा चढ चढायचा होता. चाकं जागच्या जागी फिरली आणि तो घसरत खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. प्रज्ञा स्पर्धेतून बाद झाली.

"माझंच कायतरी चुकलं, आजी," म्हणून ती रडली. मी त्याच पदराने तिचे डोळे पुसले.

नात टाइप करता करता थांबली. "आजी, तू तिला सांगितलंच न्हाय?"

"न्हाय गं. तोंडच उघडलं न्हाय."

तुम्ही तिथेच सांगितलं असतं का? मी उद्या सकाळी तिच्या घरी जाऊन सांगणार आहे. कशेळीची सुलभा, तू ग्रुपवर आहेसच, तिच्यासाठी नारळाच्या वड्या करून पाठव. तेलकट काही पाठवू नकोस.